पावागढचा पिचस्टोन की अंबा डोंगरचा कार्बोनेटाइट? बडोद्याहून दगड बघायला

आपल्याकडे जिकडे बघावं तिकडे बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, त्यामुळे सह्याद्रीत फिरणाऱ्याला वेगळा दगड दिसला की पाय थबकतातच. बडोद्याला मुक्काम ठेवून डेक्कन ट्रॅपच्याच (दख्खनच्या या लाव्हाच्या थरांच्या) काळातले पण बेसाल्ट नसलेले दोन दगड बघून आलो, कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

पावागढ सोपं. बडोद्याहून साधारण ५० किमी, माचीपर्यंत गाडी जाते. खालचा बराचसा डोंगर आपला नेहमीचा बेसाल्टच, गंमत माथ्याकडे, तिथे रायोलाइट (सिलिका भरपूर असलेल्या लाव्हाचा दगड) आणि पिचस्टोन. पिचस्टोन म्हणजे ज्वालामुखीची काचच, पण त्यात पाण्याचा अंश जास्त, म्हणून ऑब्सिडियन या नेहमीच्या ज्वालामुखी काचेसारखी लखलखत नाही, डांबरासारखी मंद तेलकट चमकते. माचीहून रोपवे आहे, पण जाताना पायऱ्यांनीच जा, नाहीतर बघायचं ते सगळं पायाखालून निघून जाईल, रोपवे उतरताना घ्या हवं तर. नवरात्रात मात्र नको, कालिकामातेच्या दर्शनाला एवढी गर्दी असते की दगडापाशी वाकलात तरी मागचे पुढे ढकलतील.

अंबा डोंगर छोटा उदेपूर जिल्ह्यात, कवांटच्या पुढे, नर्मदेच्या उत्तरेला. खरं सांगायचं तर इथला कार्बोनेटाइट दिसायला काहीच नाही! पांढरट-करडा, कुठे लोह गंजून तपकिरी झालेला, कुणीही चुनखडी म्हणून पुढे जाईल. पण हा चुनखडीसारखा समुद्रात साचलेला नाही, वितळलेल्या कार्बोनेटचा रस खालून वर घुसून थिजलाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. जगात कार्बोनेटाइट जेमतेम काही शेकडो ठिकाणी सापडतो आणि असला लाव्हा ओकणारा जिवंत ज्वालामुखी सध्या एकच, टांझानियातला ओल दोइन्यो लेंगाई. १९६३ मध्ये सुखेशवाला आणि उदास या भूवैज्ञानिकांनी अंबा डोंगरच्या कार्बोनेटाइटवर लिहिलं.

ओळखायचं कसं? चाकूनं ओरखडा सहज पडतो, ती भुकटी काढून वर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात. पण हे चुनखडीतही होतं, म्हणून खिशात लोहचुंबक ठेवा आणि भुकटीवरून फिरवा, काळे कण चिकटले की ते मॅग्नेटाइट, हे लोहखनिज चुनखडीत सहसा नसतं. भिंग असेल तर कॅल्साइटमध्ये (या दगडाच्या मुख्य कार्बोनेट खनिजात) अॅपेटाइट या फॉस्फेट खनिजाचे दाणेही शोधता येतात. पावागढच्या रायोलाइटवर हाच चाकू घसरतो, कारण तिथे सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास, इकडे जवळजवळ नाहीच. दोन्ही अग्निजन्य, पण इतके दोन टोकांचे की एकाच ट्रिपमध्ये बघण्यातच मजा आहे. एकच निवडायचा असेल तर मी डोळे झाकून अंबा डोंगर म्हणेन, पावागढ काय, देवदर्शनाच्या निमित्तानं होतंच कधीतरी.

अंबा डोंगरला फ्लोराइट या खनिजाची खाण आहे, जांभळट तुकडे दिसले की हात शिवशिवतात, पण खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका, रस्त्याकडेच्या उघड्या दगडात पुरेसं बघायला मिळतं. गावात फोटो काढण्याआधी विचारा, राठवा लोकांची वस्ती आहे, मोडकंतोडकं गुजराती बोललात तरी माणसं आपणहून वाट दाखवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, एप्रिल-मेमध्ये तिथला उघडा दगड तव्यासारखा तापतो. डबा आणि भरपूर पाणी बडोद्याहूनच घ्या, पेट्रोल कवांटला भरून घ्या आणि नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा.