तुम्ही विचारलंत म्हणून: मैदानावरचा मर्लिन ओल्सन आणि पडद्यावरचा गार्वी

जुन्या अमेरिकन मालिका आवडीने बघणारे हमखास विचारतात: ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’मधला जोनाथन गार्वी, तो दाढीवाला धिप्पाड शेतकरी, खरोखर फुटबॉल खेळायचा का? आणि पंधरा वर्षं माणसं आडवी पाडणारा गडी कॅमेऱ्यासमोर इतका शांत, इतका मायाळू कसा वाटतो? प्रश्न विचारणाऱ्याने एक गोष्ट धरून चाललेली असते, की बचाव फळीतलं काम म्हणजे नुसती ताकद. गार्वी साकारणाऱ्या मर्लिन ओल्सनचा खेळ तसा नव्हता. समोरच्याला बघायचं, तो काय करतोय ते ओळखायचं आणि मगच हलायचं, हे त्याचं कसब होतं. पडद्यावर त्याला तेच उपयोगी पडलं.

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. अंडाकृती चेंडू, प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि बचाव करणाऱ्यांनी ते होऊ द्यायचं नसतं. ओल्सनच्या काळात बहुतेक संघ पहिल्या फळीत चार जण ठेवत. दोन कडांना डिफेन्सिव्ह एंड, मध्ये दोन डिफेन्सिव्ह टॅकल. ओल्सन होता डावा टॅकल. त्याच्या समोर प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमण फळीतला गार्ड, गार्डच्या एका बाजूला चेंडू मागे देणारा सेंटर, दुसऱ्या बाजूला त्यांचा टॅकल (नाव तेच, काम मात्र बचावपटूंना अडवण्याचं). म्हणजे मधल्या माणसावर एकाच वेळी दोघे चालून येण्याची शक्यता कायम असते, आणि ते कुठल्या बाजूने येतील ते आधी कळत नाही.

त्याची चौकट आधी सांगून टाकतो. जन्म १५ सप्टेंबर १९४०, युटा राज्यातल्या लोगन गावी. शिक्षण तिथल्याच युटा स्टेट विद्यापीठात. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम लाइनमनला, म्हणजे पहिल्या फळीतल्या खेळाडूला, मिळणारी आउटलँड ट्रॉफी १९६१ साली त्याला मिळाली. व्यावसायिक संघांच्या १९६२ च्या खेळाडू-निवडीत लॉस एंजेलिस रॅम्स या संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि मग तो दुसऱ्या कुठल्या संघाकडून खेळलाच नाही. उंची सहा फूट पाच इंच, वजन १२२ किलोच्या आसपास, अंगावर ७४ क्रमांक. तेव्हा हंगामात १४ सामने असत. १५ हंगामांचे झाले २१०. त्यातले २०८ तो खेळला. दर सामन्यात पन्नास-साठ वेळा तितक्याच वजनाच्या माणसांवर आदळायचं, अशा जागेवर हा आकडा फार मोठा आहे.

आता कामाकडे येऊ. टॅकल एक हात जमिनीला टेकवून बसतो, कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर, भार पायाच्या चवड्यांवर. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा खेळाडू, मोठ्याने आकडे ओरडत असतो, ते ऐकायचे नाहीत, कारण ते फसवण्यासाठीच असतात. नजर चेंडूवर. चेंडू हलला की पहिलं पाऊल आखूड, जेमतेम सहा इंचांचं. लांब पाऊल टाकलं की शरीर उभं होतं, आणि उभा झालेला टॅकल संपला. ज्याचे खांदे खाली त्याची सरशी, मग वजन काहीही असो. दोन्ही हात गार्डच्या छातीवर, खांद्याच्या पॅडच्या खाली. त्या काळच्या नियमांनुसार आक्रमणातल्या लाइनमनला हात लांब करून उघड्या पंजाने ढकलता येत नसे, ती मुभा १९७८ साली आली. बचावपटूचे हात मात्र मोकळे. त्यामुळे ज्याचे हात चांगले त्याला मोठा फायदा होता, आणि ओल्सनचे हात विलक्षण होते.

खरा खेळ यानंतरच्या अर्ध्या सेकंदात असतो. गार्ड डोकं खाली घालून अंगावर आला तर चेंडू घेऊन धावणारा येणार. डोकं वर ठेवून मागे सरकला तर पास. आणि तो तुम्हाला सोडून सरळ बाजूला पळाला तर? समोर दार सताड उघडं, पलीकडे क्वार्टरबॅक. नवखा टॅकल इथे सुसाट आत शिरतो, आणि सेंटरच्या पलीकडून आलेला दुसरा कुणीतरी त्याच्या बरगडीत बसतो. धावणारा त्याने सोडलेल्या वाटेनेच निघून जातो. याला ट्रॅप म्हणतात, आणि तो उतावळ्या टॅकलसाठीच आखलेला असतो. कबड्डीतला मुरलेला कोपरारक्षक चढाईपटूच्या पायावर डोळा ठेवून आपली झेप राखून ठेवतो, तसं इथे स्वतःला रोखावं लागतं. दार उघडं दिसलं की थांबायचं, खाली बसायचं आणि बाजूने येणारा धक्का खांद्यावर घ्यायचा. ओल्सनला या सापळ्यात अडकवणं अवघड होतं. माझ्या मते त्याच्या ताकदीपेक्षा हा संयम मोठा.

त्याच्या डाव्या हाताला डिकन जोन्स होता. उजवीकडे रोझी ग्रीअर आणि लमार लंडी. १९६३ पासून ही चौकडी ‘फिअरसम फोरसम’ म्हणून गाजली. १९६७ मध्ये ग्रीअर जखमी झाला आणि त्याच्या जागी रॉजर ब्राउन आला. जोन्स वेगवान. समोरच्याच्या हेल्मेटवर चापट मारून त्याला क्षणभर सुन्न करायचा, हा प्रकार पुढे १९७७ मध्ये नियमाने बंद झाला. जोन्स आणि ओल्सन मिळून जो स्टंट, म्हणजे ठरवून वाटा बदलण्याचा डाव, करत, तो आजही शिकवण्यासारखा आहे. ओल्सन तिरका बाहेर घुसायचा आणि गार्ड व टॅकल दोघांनाही आपल्या अंगावर घ्यायचा. जोन्स क्षणभर थांबून त्याच्या पाठीमागून वळसा घालत मधल्या मोकळ्या वाटेने आत. फसतो कुठे? कडेचा माणूस लवकर वळला तर आक्रमणातले दोघे सावध होऊन आपापली माणसं बदलून घेतात. टॅकलची कंबर पुरेशी आडवी गेली नाही तर एकच जण अडकतो. आणि पासऐवजी कडेने धाव निघाली तर तिथे कुणीच नसतं. म्हणजे सगळा डाव टॅकलच्या पहिल्या दोन पावलांवर, आणि टाळ्या मात्र वळसा घालणाऱ्याला.

क्वार्टरबॅकला पाडण्याची, म्हणजे सॅकची, अधिकृत मोजणी १९८२ साली सुरू झाली. ओल्सन १९७६ अखेर थांबला होता. त्यामुळे त्याच्या नावापुढे सॅकचा अधिकृत आकडा नाही. त्याची थोरवी दुसरीकडे बघावी लागते: १९६२ ते १९७५ सलग १४ वर्षं प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. १९७४ साली वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बर्ट बेल पुरस्कार, जो बचावपटूच्या वाट्याला क्वचित येतो. १९८२ साली हॉल ऑफ फेम. सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, मात्र नाही. १९७४, १९७५ आणि १९७६, तिन्ही हंगामांत रॅम्स एका सामन्याच्या अंतरावर अडले. २६ डिसेंबर १९७६ चा शेवटचा सामना मिनेसोटात होता. रॅम्सची किक सुरुवातीलाच अडवली गेली, बॉबी ब्रायंटने तो चेंडू उचलून ९० यार्ड पळवला, आणि सामना २४-१३ असा गेला. इतक्या चांगल्या खेळाडूचा शेवट असा व्हावा याची हळहळ वाटते.

अभिनयाकडे तो अचानक वळला नव्हता. संघ लॉस एंजेलिसचा, स्टुडिओ त्याच शहरात, आणि सामने डिसेंबरात संपले की पुढचे काही महिने मोकळे. १९६९ मध्ये जॉन वेनच्या ‘द अनडिफीटेड’मध्ये तो आणि रॅम्सचा क्वार्टरबॅक रोमन गेब्रियल दोघेही होते. याच वर्षांत त्याने अर्थशास्त्राची मास्टर्स पदवीही मिळवली.

मोठी संधी १९७७ मध्ये आली. ‘लिटल हाउस’मध्ये इंगल्स कुटुंबाचा मित्र झालेला व्हिक्टर फ्रेंच दुसऱ्या मालिकेत प्रमुख भूमिका करायला गेला. मालिकेचा नायक आणि निर्माता असलेल्या मायकल लँडनला नवा शेजारी हवा होता. खेळ सोडून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ओल्सन जोनाथन गार्वी म्हणून आला आणि १९८१ पर्यंत राहिला.

खेळाडू कॅमेऱ्यासमोर कुठे फसतात ते ठरलेलं आहे. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, तिच्याकडे न बघता तिथेच थांबायचं. कॅमेऱ्यापासूनचं अंतर आधी मोजून ठेवलेलं असतं, अर्धा फूट पुढे गेलात तर चेहरा धूसर. लांब ढांगा टाकणाऱ्या माणसाला हे जड जातं. दुसरं, आवाज. स्टेडियममध्ये ओरडायची सवय असते, मायक्रोफोन मात्र दोन हातांवर. तिसरी चूक सगळ्यांत घातक: आपलं वाक्य येईपर्यंत चेहरा बंद ठेवून उभं राहणं. समोरचा बोलत असताना जो ऐकत नाही, त्याचं पुढचं वाक्य कितीही पाठ असलं तरी खोटं वाटतं. ओल्सन ऐकायचा. लँडन बोलत असताना त्याच्या डोळ्यांत ते बोलणं पोचलेलं दिसतं, आणि मग सावकाश उत्तर येतं. गार्डकडे बघून ठरवायची सवय लागलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागलं नसणार, असं मला ठामपणे वाटतं.

उंचीचा प्रश्न होताच. लँडन त्याच्यापेक्षा बराच बुटका. अशा जोडीला एका चौकटीत बसवायचे उपाय साधे असतात: एकाला बसवायचं, एकाला गाडीवर चढवायचं, उंच माणसाला थोडं मागे ठेवायचं. शेतावरच्या कथेत कुंपण, घोडागाडी, जेवणाचं टेबल हाताशी असतंच.

१९८० मध्ये गार्वीची बायको अ‍ॅलिस आगीत जाते, तो भाग त्याच्या अभिनयाचा कस पाहणारा. एवढा मोठा देह दुःखात आदळआपट करू लागला तर ते भडक होतं. ओल्सनने ते शरीर आवरून धरलं. त्यानंतर लँडननेच त्याच्यासाठी ‘फादर मर्फी’ ही मालिका काढली. अनाथ मुलांना आसरा मिळावा म्हणून पाद्री असल्याचं सोंग घेणाऱ्या सोनं शोधणाऱ्याची ही गोष्ट १९८१ ते १९८३ चालली. मला तो गार्वी म्हणूनच जास्त आवडतो. शेजारच्या माणसाची जागा त्याला नायकापेक्षा अधिक शोभली. याच काळात एनबीसी वाहिनीवर समालोचक डिक एनबर्गच्या जोडीला तो फुटबॉलचं समालोचनही करत होता, फुलांच्या दुकानांच्या एका संस्थेच्या जाहिरातींतही दिसत होता.

बचावातून आलेल्या सगळ्यांची वाट अशी नव्हती. डेट्रॉइटचा टॅकल अ‍ॅलेक्स कॅरस, ज्याला पैजा लावल्याबद्दल १९६३ च्या हंगामाला मुकावं लागलं, तो विनोदाकडे गेला. १९७४ च्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये घोड्याला ठोसा मारणारा मोंगो तोच, आणि पुढे ‘वेबस्टर’मधला बापही तोच. फ्रेड ड्रायर तर रॅम्समध्ये ओल्सनच्याच फळीत उजव्या कडेला खेळला. २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ग्रीन बेविरुद्ध त्याने एकाच सामन्यात दोनदा क्वार्टरबॅकला त्याच्याच गोलक्षेत्रात पाडून सेफ्टीचे दोन-दोन गुण मिळवले. तो १९८४ ते १९९१ ‘हंटर’मध्ये पोलीस अधिकारी झाला. तिघांत अभिनयाचा आवाका कॅरसचा मोठा, हे मान्य करायला हवं.

ओल्सन ११ मार्च २०१० रोजी मेसोथेलिओमाने गेला. हा बहुतांशी अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग आहे. त्याच्या आधी काही महिने युटा स्टेटने आपल्या मैदानाला त्याचं नाव दिलं होतं.

जुन्या सामन्यांच्या फिती मिळाल्या तर चेंडूच्या मागे नजर नेऊ नका. ७४ क्रमांकावर ठेवा, आणि गार्ड बाजूला पळतो तो डाव शोधा. ‘लिटल हाउस’ बघायचं असेल तर चौथ्या हंगामापासून सुरू करा, आणि ज्या प्रसंगांत गार्वीला फारशी वाक्यं नाहीत ते आधी बघा.