दहा मिनिटांत सात अक्षरं

रविवार, रात्री उशिरा

टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' (१९८७) ही अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची कादंबरी दुसऱ्यांदा हाती घेताना शेजारी कागद ठेवावा आणि नुसते आकडे टिपत जावं. घराचा नंबर १२४. गुलामीतून पळून आलेल्या सेथची मुलं चार: दोन मुलगे, मग ती मुलगी, मग डेन्व्हर. पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिसरीचा गळा सेथनेच चिरला. १, २, ४. मधला ३ गायब. पहिल्या वाचनात हे हमखास निसटतं, कारण वाचक त्या मुलीच्या भुताच्या मागे लागलेला असतो.

कबरीवरच्या नावाचाही हिशेबच आहे. दगड कोरणाऱ्याला द्यायला सेथकडे पैसे नाहीत, म्हणून दहा मिनिटं शरीर द्यायचं. बदल्यात रोमन लिपीतली सात अक्षरं: Beloved. आणखी दहा मिनिटं दिली असती तर पाद्र्याने उच्चारलेला आधीचा शब्दही (Dearly) बसला असता का, हे तिला पुढे सलत राहतं. मराठीत आणायचं तर 'लाडकी' हा शब्द चपखल, पण अक्षरं तीनच, सौदाच कोसळतो. शिवाय २०२४पासून त्या शब्दाला दरमहा दीड हजारांचा वास चिकटलाय. नाव तसंच ठेवलेलं बरं.

आईपण इथे इतकं जीवघेणं का, ते कळायला १६६२चा व्हर्जिनियाचा कायदा माहीत हवा: मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरणार. इंग्रजांच्या रिवाजात दर्जा बापाकडून यायचा. त्याच आधारावर एलिझाबेथ की या इंग्रज बापाच्या मुलीने काही वर्षांपूर्वी कोर्टातून सुटका मिळवली होती. ती वाट बंद झाली. मालकापासून झालेलं मूलही आता मालकाच्याच मालमत्तेत जमा. १८०८मध्ये परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली, तशी बाईच्या कुशीची किंमत आणखी चढली.

१८५० आणि १८६०च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्या बघाव्यात. वर मालकाचं नाव, खाली फक्त वय, लिंग, रंग. माणसाच्या नावाला रकानाच नाही (अगदी तुरळक अपवाद सोडले तर). मॉरिसन तिथेच घुसते. पॉल ए, पॉल डी, पॉल एफ: मालकाने अक्षरं लावून ओळखायला सोपे केलेले पुरुष. सेथच्या सासूचं, बेबी सग्जचं, विक्रीखतावरचं नाव जेनी व्हिटलो. मुक्त झाल्यावर तेच चालू ठेव, असा मालक सल्ला देतो. ती नाही म्हणते, कारण नवरा तिला बेबी म्हणायचा आणि सग्ज हे नाव त्याचं. तो शोधत आला तर खतावरच्या नावाने ती सापडणार कशी? ओळख म्हणजे काय, यावर इतकं व्यवहारी उत्तर क्वचितच वाचायला मिळतं.

सेथच्या मागे मार्गारेट गार्नर उभी आहे. जानेवारी १८५६. केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला आलेली, घराला वेढा पडल्यावर दोन वर्षांच्या मुलीला मारणारी. गुलामीच्या विरोधकांनाच तिच्यावर खुनाचा खटला हवा होता. आरोपी व्हायला आधी माणूस असावं लागतं. समता मिळायची ती आरोपीच्या पिंजऱ्यात! तेही झालं नाही. १८५०च्या फरारी गुलाम कायद्याने ती परत गेली, माल म्हणून. मॉरिसनने हा वाद जवळजवळ गाळलाय, आणि ते योग्यच. तिथे फक्त वकील बोलले असते.

'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करणाऱ्या जोतीरावांनी १८६३मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, हे इथे आठवतंच. पण दोन्ही एका तागडीत टाकू नयेत. पुण्यातल्या विधवेचं मूल कुणालाच नको होतं. सेथचं मूल मालकाला फार हवं होतं.

पुरुष वाचकांची एक चूक ठरलेली. सेथच्या पाठीवरचे फटक्यांचे वण, त्यांचं झालेलं झाड, एवढंच लक्षात राहतं. पॉल डीचंही तेच होतं. तो चाबकाचं विचारतो, ती सांगते अंगावरचं दूध ओढून नेलं. तो म्हणतो, पोटुशी असताना मारलं? ती पुन्हा: दूध नेलं. स्वतःच्या आईचं दूध तिला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळालेलं. आई कोणती, हे ओळखायला आईच्या छातीखालचा डाग, वर्तुळात फुली.

आता शाई. चेरीचा डिंक आणि ओकची साल. सालीतल्या टॅनिनला लोह भेटलं की काळा रंग धरतो, डिंक तो कागदाला धरून ठेवतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस, रसायन तेच. त्या शाईने मळ्याचा कारभार बघणाऱ्या मास्तराची शिष्य पोरं वहीत सेथचे गुण लिहितात: डावीकडे माणसाचे, उजवीकडे जनावराचे, ओळी समोरासमोर. शाई सेथने घोटलेली. मास्तराला तिच्या हातचीच आवडायची. शेवटी अंथरुणाला खिळल्यावर ती पॉल डीला हेच सांगते, की शाई मीच केली होती.