सागवानी कपाटाला अ‍ॅक्रिलिकची दारं

दिवाळी अंकांसाठी भिंतीवरचं एक लांबट कपाट करत होते. सागवान एका पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं, पुण्यातल्या टिंबर मार्केटमधून चिरून आणलेलं. चौकट झाली, फळ्या बसल्या, मागचं प्लाय लागलं आणि दारांचा प्रश्न आला. घरात सगळ्यांचं मत काचेला होतं, माझं अ‍ॅक्रिलिकला. खालचा कप्पा बरोबर भाचीच्या उंचीला येतो आणि ती सध्या हातात येईल ते आपटून बघण्याच्या वयात आहे, हे पहिलं कारण. दुसरं कारण वजनाचं. काचेची घनता अडीचच्या आसपास, अ‍ॅक्रिलिकची १.१९. लाकडाच्या खाचेत सरकणाऱ्या दाराला हा फरक रोज जाणवतो. जड दार खाच झिजवतं. पारदर्शकतेत अ‍ॅक्रिलिक कुठेच कमी नाही, ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. ओरखडे मात्र काचेपेक्षा फार लवकर पडतात. ते मी मान्य करूनच निघाले.

नवी शीट कापण्याआधी हात बसवायला जुनं काहीतरी हवं होतं. कोरोनाच्या काळात दुकानांच्या काउंटरवर उभ्या केलेल्या पारदर्शक शीट आठवतात ना? ओळखीच्या मेडिकलवाल्यांकडे तशी एक माळ्यावर पडून होती, ती त्यांनी देऊन टाकली. घरी आणून उजेडात धरली तेव्हा पैसे घेता-देता हात आत घालायच्या खिडकीच्या कडेने सगळीकडे केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या. स्क्रूच्या भोकांभोवतीही तशाच. शीटच्या मधल्या भागात एकही नाही.

या भेगांनी मला या कामाबद्दल सगळ्यात जास्त शिकवलं. खिडकीची कड लेझरने कापलेली होती. लेझर अ‍ॅक्रिलिक वितळवत कापतो, कड चकचकीत येते, पण थंड होताना त्या कडेत ताण अडकून राहतो. स्क्रू आवळला की भोकाभोवतीही ताणच. त्यावर दिवसभर सॅनिटायझरचे फवारे, म्हणजे अल्कोहोल. ताण असलेल्या अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लागलं की ते असं तडकतं. मधल्या भागावरही तोच फवारा पडत होता, पण तिथे ताण नव्हता म्हणून तो शाबूत. म्हणजे कापताना, भोक पाडताना, बसवताना कडेत उष्णता आणि ताण जितका कमी सोडू तितकं दार टिकणार. पुढचं सगळं काम मी हीच एक गोष्ट धरून केलं.

आमच्या भागात नंबरप्लेट करणारे एक काका आहेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमची हाय सिक्युरिटी प्लेट आली तेव्हापासून त्यांचं काम दारावरच्या पाट्यांवर जास्त चालतं, पण अ‍ॅक्रिलिक कापण्यात त्यांचा हात अजून तसाच आहे. त्यांचं हत्यार म्हणजे हॅक्सॉचं जुनं ब्लेड, टोकाला ग्राइंडरवर घासून आकड्यासारखं केलेलं, मुठीला कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली. स्टीलची पट्टी शीटवर दाबून धरायची आणि आकडा आपल्याकडे ओढायचा. पहिले दोन हात अगदी हलके, फक्त रेघ बसण्यापुरते, मग हळूहळू दाब वाढवायचा. नीट जमलं की आकड्यापुढून पांढरी सळ शेवयांसारखी वळत बाहेर येते. भुकटी आली तर आकडा बोथट आहे असं समजायचं.

“ताई, तोडायची घाई नको. ओरखडा खोल गेला की ती आपणहून तुटते,” काका म्हणाले. “आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिजे. मध्ये सोडली की तिथून वाकडी फुटते.”

जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत चर गेला की शीट टेबलाच्या कडेवर अशी ठेवायची, की चर वर येईल आणि बरोबर कडेच्या रेषेत बसेल. आतल्या भागावर फळी ठेवून एका हाताने दाबायचं, बाहेरच्या भागावर दुसऱ्या तळहाताने एकदम, न थांबता दाब द्यायचा. खट्ट आवाज होतो आणि शीट सुटते. थांबत थांबत वाकवलं तर फाट भरकटते. या रीतीत उष्णता अजिबात नाही, म्हणून मला ती फार आवडली. २ आणि ३ मिमीच्या शीटला याहून चांगली रीत नाही. सुताराच्या भाषेत बोलायचं तर एक सुतापर्यंत. कपाटातले अंक आडवे पडू नयेत म्हणून मध्ये ठेवायच्या आडोशाच्या पट्ट्या मी अशाच कापल्या.

दारांना मात्र ३ मिमी चालत नाही. दोन फूट लांबीचं दार एका कडेने ढकललं की मध्ये वाकतं आणि खाचेत अडतं. दारांना ५ मिमी घेतली. एवढी जाडी आकड्याने तुटते, पण कड खात्रीने सरळ येईलच असं नाही. तिथे करवत हवी.

घरात जिगसॉ होती, म्हणून आधी ती जुन्या शीटवर चालवून पाहिली. लाकडाला वापरते त्याच वेगाने. हातभर कापत गेले आणि मागे वळून पाहिलं तर चीर पुन्हा चिकटलेली. पात्याने जे कापलं ते वितळून पात्यामागे गोठलं होतं. लाकूड तापलं तर काळं पडतं, वितळत नाही. अ‍ॅक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे दाताखालची उष्णता तिथेच साठते. वेग कमी केला, पात्याची मागेपुढे झुलणारी चाल बंद केली, दर थोड्या अंतरावर थांबले, तेव्हा चीर मोकळी राहिली. वळणदार आकाराला असं काम चालेल. पण सरळ कडेसाठी तिचं पातं नको तितकं हलतं.

सरळ कापाला सर्क्युलर सॉ. तिला लाकडाचं मोठ्या दातांचं ब्लेड लावून चालणार नाही. दात मोठे आणि तिरके असले की ते शीट उचलतात आणि कड टवके उडून खडबडीत होते. सनमायका आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी जे जास्त दातांचं ब्लेड मिळतं ते बोहरी आळीतून आणलं. त्यात एक दात सपाट, एक दोन्ही कोपरे कापलेला, असे आलटून पालटून असतात. एक मधून चर पाडतो, दुसरा तो साफ करतो. टेबलावर जाड प्लाय, त्यावर शीट, वरून सरळ पट्टी क्लॅम्पने आवळलेली. ब्लेड शीटच्या खाली जेमतेम उतरेल एवढंच. शीट दोन्ही बाजूंनी पूर्ण टेकलेली हवी, कारण कापताना ती थरथरली की चिरलीच. चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये. उडणारे कण टोकदार असतात आणि पारदर्शक, डोळ्यात गेले तर सापडत नाहीत.

सॉ पुढे ढकलण्याचा वेग कानाने ठरवावा लागतो. घाईने ढकललं की खालची कड टवके सोडते. आणि हळू ढकलणं म्हणजे सुरक्षित, हा लाकडावरचा समज इथे उलटतो, कारण दात एकाच जागी घासत राहतात आणि कड वितळते. मध्यम, एकसारखा आवाज येत असेल आणि भुसा कोरडा, पांढरा, हाताला गार लागत असेल तर सगळं ठीक. भुशाच्या गुठळ्या व्हायला लागल्या किंवा गोडसर उग्र वास आला की थांबायचं, ब्लेड निवू द्यायचं.

शीट कोणती घेतली यावरही बरंच अवलंबून आहे. बाजारात दोन प्रकार असतात, ओतीव म्हणजे कास्ट आणि दाबून काढलेली म्हणजे एक्स्ट्रुडेड. दुसरी स्वस्त पडते, पण लवकर मऊ होते आणि पात्याला चिकटते. घरच्या हत्यारांनी कापायचं असेल तर कास्टच घ्यावी, दोन पैसे जास्त गेले तरी. कास्टचा एक दोष आहे आणि तो लाकूडकाम करणाऱ्यालाच नडतो. तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. माझ्या ५ मिमीच्या शीटला व्हर्नियर लावला तर एका कडेला ४.७ आणि दुसऱ्या कडेला ५.३ भरली. म्हणून शीट घरी येईपर्यंत खाच पाडायचीच नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. खाच ६ मिमी रुंद पाडली. वरची खोल, खालची उथळ, म्हणजे दार वर उचलून आत घालता येतं आणि खाली टेकवलं की बसतं.

उन्हाळ्याचाही हिशेब करावा लागतो. अ‍ॅक्रिलिक एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०७ मिमी वाढतं. पुण्यात थंडीतल्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत ३० अंशांचा फरक सहज पडतो. दोन फुटांच्या दाराला तो सव्वा मिलिमीटर होतो. सागवान आपल्या रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही. म्हणजे लाकूड जागेवर आणि आतलं दार लांबलेलं. दोन मिमी जागा सोडली की विषय संपतो. न सोडता घट्ट बसवलं तर उन्हाळ्यात दार पोक काढून उभं राहील, आणि पुन्हा तोच ताण.

बोट घालून सरकवायला एक इंची भोकं हवी होती. साधं ड्रिल बिट अ‍ॅक्रिलिकमध्ये स्क्रूसारखं घुसतं आणि पलीकडे निघताना टवका उडवतं. बिटाची धारेची कड दगडावर अगदी थोडी घासून सपाट केली की ते ओढणं थांबतं. मग ते खरवडत जातं. मोठ्या भोकाला पायऱ्यापायऱ्यांचं स्टेप बिट सगळ्यात चांगलं. खाली लाकडाचा तुकडा घट्ट धरला, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकलेलं पाणी बॅटरीच्या ड्रिलखाली ठिबकत ठेवलं आणि वेग कमी. भोक कडेपासून चांगलं दोन इंच आत घेतलं.

कडा साफ करणं हा या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. हॅक्सॉ ब्लेडची मागची, दात नसलेली धार कडेवर उभी धरून ओढली की करवतीच्या खुणा पातळ पापुद्र्यासारख्या निघून येतात. मग ओला पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून २४०, ४००, ८००, १२००. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, पुढच्या नंबरवर ते जात नाहीत. शेवटी मऊ कापडावर पितळ घासायचं पॉलिश. आधी दुधी दिसणारी कड बघता बघता आरपार होते, आणि खाली धरलेल्या बोटाच्या रेषा तिच्यातून दिसायला लागतात. काकांनी गॅसच्या ज्योतीने कड चमकवायचा मार्ग सुचवला होता, झटपट होतो म्हणून. पाट्यांना तो चालत असेल. मी मेडिकलवाल्यांची शीट पाहिली होती, त्यामुळे ज्योत घेतली नाही.

एक गोष्ट सुतारकाम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. लाकडाचं पॉलिश आधी, दारं नंतर. मेलामाइन असो की साधं लॅकर, त्यातल्या थिनरच्या वाफाही अ‍ॅक्रिलिकला चांगल्या नाहीत. खाचेत पॉलिश ओलं असताना दार बसवलं तर कड तिथेच खराब होईल. मी कपाट पॉलिश करून वास पूर्ण जाईपर्यंत उघडं ठेवलं. तोवर शीटवरचा संरक्षक कागदही काढला नाही. आखणी, कापणी, घासणी सगळं कागदासकट. फक्त शीट उन्हात ठेवायची नाही, नाहीतर कागदाचा डिंक भाजून बसतो आणि निघता निघत नाही.

या पदार्थाबद्दल वाचताना एक माहिती मिळाली, ती आईला सांगितल्यावर तिचा काचेचा हट्ट सुटला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छतांना अ‍ॅक्रिलिक असायचं. जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत त्याचे कण राहूनही डोळा ते सहन करतो, हे हॅरोल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, आणि १९४९ मध्ये त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात याच पदार्थाचं भिंग बसवलं. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२ पासून अशी भिंगं आपल्याकडे स्वस्तात बनवली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. तिने दाराला हात लावून बराच वेळ पाहिलं आणि मग पुसायचं कसं ते विचारलं.

पुसायचं ते साध्या पाण्याने, फार तर साबणाच्या एका थेंबाने, मऊ सुती कापड ओलं करून. कोरडं कापड घासलं की धूळच ओरखडे पाडते, वर स्थिर वीज तयार होऊन आणखी धूळ चिकटते. काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही नाही. कपाटाच्या आतल्या बाजूला हे मी एका चिठ्ठीवर लिहून चिकटवलं आहे, कारण पुसणारे हात घरात एकापेक्षा जास्त आहेत. वरच्या लांब कप्प्याला अजून दार नाही. त्याला साडेतीन फुटांचं एकसंध दार करायचं तर ५ मिमीही वाकेल, म्हणून ६ मिमीची कास्ट शीट सांगून ठेवली आहे. ती हातात आली, व्हर्नियर लावला, की मगच ती खाच पाडेन.