सत्तर अक्षरांचे फादर

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका डायोसिसच्या हायस्कुलात मी मराठी शिकवते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझा विषय तिसरी भाषा, आणि तास मोजके. मोजक्या तासांची बाई म्हणजे जादा कामांची हक्काची बाई. माझ्या वाट्याला आलेले जादा काम आहे पालकांना कळवणे.

चर्चची शाळा म्हटले की बाहेरच्यांना सगळी ख्रिश्चन मुले दिसतात. आमचा भाग नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा घेतलेल्या मुलखातला. वर्गात निम्म्याहून जास्त मुले हिंदू घरांतली. बोलतात सगळेच कोकणी. फरक पडतो तो वाचताना. हिंदू घरातले आजी-आजोबा मराठी वाचतात, कारण त्यांची शाळा मराठी, पेपर मराठी, पोथी मराठी. ख्रिश्चन घरातली आजी वाचते रोमी (रोमन) लिपीतली कोकणी, कारण तिचे प्रार्थनेचे पुस्तक त्या लिपीत आहे. देवनागरी तिला लागत नाही. १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा केली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा ठेवली. पण या दोन्ही आज्यांना वाचता येईल असे एक पत्र अजून कोणाला काढता आलेले नाही.

आईबाप इंग्रजी वाचतात, हे खरे. पण ते असतात कुठे? कोणाचा बाप जहाजावर, कोणाची आई इंग्लंडात स्विंडनला. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप तिथे पोचतो, निळ्या खुणाही येतात, आणि मूल असते इथे आजीजवळ. म्हणून मी एक वही केली आहे. मुलाचे नाव, फोन, आणि तिसरा रकाना: ‘घरात कोण वाचते’. हा रकाना भरायला मला दीड वर्ष लागले. त्यातली ६२ घरे अशी निघाली की जिथे वाचणारा माणूस म्हातारा, फोन साधा आणि भाषा मराठी. त्यांच्यासाठी शाळेचा एक बटणांचा मोबाइल आहे. सुट्टीत तो माझ्या घरी असतो.

२०२५ चा एप्रिल तसाही कळवण्यातच गेला होता. त्या वर्षी सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग जूनऐवजी ७ एप्रिललाच सुरू करायचे ठरले. उन्हाळ्यात शाळा म्हणून पालक चिडलेले, मी रोज काहीतरी पाठवतेय. त्यात आमच्या मॅनेजर फादरांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांना बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेले. मुलांनी घरी जाऊन काहीच्या बाही सांगू नये म्हणून मी त्या ६२ घरांनाही कळवले: ‘आपले फादर आजारी आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.’ आबांनी (आमच्या एका सातवीतल्या मुलाचे आजोबा) तर देवळात नारळ ठेवला.

पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी फादर बरे होऊन घरी आले. ख्रिश्चन घरांना ते चर्चमध्येच कळले. बाकीच्यांना कळवायचे राहून गेले. माझ्याकडूनच.

सोमवार, २१ एप्रिल. ईस्टरचा दुसरा दिवस, आमच्या शाळेला सुट्टी. मी दुपारी कोकमं वाळत घालत होते. दीडच्या सुमाराला टीव्हीवर बातमी आली की पोप फ्रान्सिस गेले. रोममध्ये सकाळचे ७.३५ म्हणजे आपल्याकडचे ११.०५. आदल्याच दिवशी लोकांना त्यांनी बाल्कनीतून ईस्टरचे आशीर्वाद दिले होते. सिस्टरांचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा, फोन तासाभरात आला. आवाज घोगरा होता. इंग्रजी पत्रक तयार आहे, बुधवारी सकाळी आठला प्रार्थना ठेवू, तुम्ही मराठी करून सगळ्या घरांना पाठवा, म्हणाल्या.

पत्रकाची सुरुवात होती ‘अवर होली फादर’. होली फादर म्हणजे पोप.

मी कागद घेऊन बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. कोकणीत ख्रिश्चन माणूस पोपना म्हणतो ‘पाप सायब’. बोलण्यात आमच्याकडचे हिंदूही तसेच म्हणतात, कोणाला त्यात काही वाटत नाही. पण मराठीत लिहून बघा: ‘पाप साहेब गेले’. त्यामुळे पोप. मग क्रियापद. मराठी ख्रिस्ती लोकांत ‘ख्रिस्तवासी झाले’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण आबांसारख्यांना तो कळायला दोन मिनिटे लागली असती. ‘कैलासवासी’ तर शक्यच नाही. ‘स्वर्गवासी’ चालले असते, पण ते टेंपोच्या मागे लिहिलेले असते. शेवटी वर्तमानपत्री ‘निधन’ घेतले. त्या एका शब्दापाशी माझी वीस मिनिटे गेली आणि आपण फार जबाबदारीने काम करतोय असे मला वाटत होते.

व्हॉट्सअ‍ॅपसाठीचे मोठे पत्रक नीट झाले. त्यात पोप होते, फ्रान्सिस होते, वय ८८ होते, ते अर्जेंटिनाचे होते हेही होते. रोमी लिपीतले पत्रक आमच्या एका बेकरीवाल्या आजींनी नेहमीप्रमाणे सुनेकडून लिहून घेतले. राहिला बटणांचा मोबाइल.

साध्या मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरे १६० मावतात. देवनागरीत लिहिले की ७०. आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळे वेगवेगळे मोजले जाते. ७० च्या वर एक जरी गेले की दोन मेसेज धरतात. शाळेच्या पॅकमध्ये दिवसाला १०० मेसेज. ६२ घरांना दोन-दोन म्हणजे १२४. म्हणजे बसत नव्हते. मी कापायला लागले. ‘कळविण्यास दुःख होते’ गेले. ‘सर्वांनी उपस्थित राहावे’ गेले. तरी तेरा जास्त होतीच. ‘पोप फ्रान्सिस’ मोजून बघा: मधली मोकळी जागा धरून बरोबर तेरा. मी विचार केला, बातमी सगळ्या टीव्हींवर चालू आहे, ‘होली फादर’ म्हटले की पुरे. जे गेले ते असे होते:

‘आपले होली फादर यांचे आज निधन झाले. बुधवारी सकाळी ८ वा. शाळेत प्रार्थना’

पूर्णविरामालाही जागा नव्हती. बरोबर सत्तर. पाठवताना मला आनंद झाला होता, हे लपवत नाही.

पाच वाजता फादरांचाच फोन. “टीचर, तुम्ही काय पाठवले ते मला वाचून दाखवा बघू.” मी वाचले. पलीकडे थोडा वेळ शांतता. “हां. म्हणजे आता कळले. इथे हार घेऊन आलेत.”

शाळेपासून माझे घर चालत सात मिनिटे. मी चार मिनिटांत पोचले असेन. फादर बनियन आणि बर्म्युडावर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसलेले, हातात कोरा चहा. समोरच्या सोप्यावर आबा. मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेला झेंडूचा हार, आणि डोळ्यांत पाणी. माणूस साधा नव्हे. खाणी चालू होत्या तेव्हा त्यांचे तीन ट्रक होते. २०१२ ला खाणी थांबल्या, परत सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या, तेव्हाही मी त्यांना असे बघितले नव्हते. नंतर फादरांनी सांगितले, आबा फाटकातून आले, मान खाली, चपला बाहेर काढल्या, वर बघितले आणि म्हणाले, “फादर, तुम्ही आहात?”

“आहे. बसा,” फादर म्हणाले.

त्यांच्यामागून दोन बायका आल्या, एकीच्या हातात उदबत्तीचा पुडा. मग बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, ड्रायव्हर. मग तिघे अजून. प्रत्येक जण फाटकातून रडवेला आत येई आणि फादरांना बघून जागच्या जागी थांबे. मी प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, माझी चूक, माझी चूक. ‘होली’ हा शब्द त्यांनी ‘श्री’ वाचावा तसा वाचला होता, मानाचा म्हणून. आणि फादर म्हणजे फादर. ते आजारी आहेत असे शाळेनेच कळवले होते. बरे झाले असे शाळेने कळवले नव्हते. मग त्यांनी दुसरे काय वाचायचे? चूक त्यांची म्हणायला एक अक्षरही जागा नव्हती.

सिस्टर आल्या. मोबाइल माझ्या हातातून घेऊन वाचला. “पोप कुठे गेले यातले?” मी अक्षरांचा हिशोब सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. त्या दिवशी त्यांचे स्वतःचे कोणीतरी गेले होते, आणि मी त्यांना पॅकचा हिशोब सांगत होते. मी गप्प बसले.

दुरुस्ती पाठवायची तर मेसेज उरले होते ३८. घरे ६२. वरच्या ओळीपासून ३८ जणांना पाठवले, उरलेल्या २४ मधल्या काहींना माझ्या फोनवरून फोन लावले, काही लागलेच नाहीत. तेवढ्यात पोदेराचा भोंगा ऐकू आला. संध्याकाळचे पाव घेऊन तो सायकलने वाड्यावाड्यावर जातोच. बेकरीवाल्या आजींना मी सगळे सांगितले. त्या हसल्या नाहीत. पोदेराला थांबवून त्यांनी दोन वाक्ये पाठ करून घेतली: “फादर जिवो आसा. पाप सायब अंतरलो.” दारोदार पाव मोजून देताना त्याने ही दोन वाक्ये सांगितली. अंधार पडायच्या आत सगळ्या घरांना कळले. दीड वर्षाच्या वहीपेक्षा त्याची सायकल लवकर पोचली. मला याचा थोडा रागही आला.

आजी बाल्कांवातच टेकल्या. १९८६ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे गोव्याला आले तेव्हा त्या पणजीत कांपालला गेल्या होत्या, पोटात मुलगा होता, गर्दीत काही दिसले नाही, नुसते पांढरे काहीतरी हलले. तेच त्या दरवेळी सांगतात. आबांनी विचारले, हे पोप फ्रान्सिस म्हणजे आपल्या गोंयच्या सायबाचे, संत झेवियरचे, नाव घेतलेले ना? मी लगेच हो म्हणणार होते. फादर म्हणाले, नाही, नाव असिसीच्या संत फ्रान्सिसचे. पण आपले झेवियर आणि हे, दोघेही जेझुइट, एकाच धर्मसंघाचे. पोप झालेले पहिले जेझुइट हेच. आपल्या जुझे वाझना २०१५ मध्ये कोलंबोला जाऊन संत जाहीर केले तेही यांनीच, आणि आपल्या आर्चबिशपना २०२२ मध्ये कार्डिनल केले तेही यांनीच. म्हणजे आता नवीन पोप निवडायला गोव्याचे एक मत आहे. आबांनी मान हलवली. “म्हणजे आमचाही माणूस मतदानाला,” ते म्हणाले. खाणपट्ट्यातल्या माणसाला मतदान बरोबर समजते.

उदबत्तीवाल्या बाईंना वेगळीच काळजी होती. त्यांच्या घरी ३० तारखेला, अक्षय तृतीयेला, लग्न. “नातू शाळेत जातो, पाप सायब म्हणजे शाळेचे मोठे गुरू. मग आम्हाला सुतक पडते का?” मी हसू दाबले. फादर हसले नाहीत. बावीस, तेवीस आणि अंत्यसंस्काराच्या दिवशी सरकारी दुखवटा आहे, झेंडे अर्ध्यावर असतील, म्हणाले. लग्नाला काही आडवे येत नाही, नातवाला बुधवारी पाठवायचे की नाही ते तुमच्यावर, न पाठवलात तरी कोणी विचारणार नाही. हा शेवटचा भाग माझ्या एकाही पत्रकात नव्हता. मोठ्यातही नव्हता. तो मी लिहायला हवा होता. प्रार्थनेचे कळवताना हिंदू घरात पहिला प्रश्न तोच उठतो, विचारत मात्र कोणी नाही.

हाराचे काय करायचे, हा प्रश्न उरला. आबा म्हणाले, परत नेणार नाही, हार परत नेत नाहीत. फादर उठले, आबांच्या हातून हार घेतला, एकदा वास घेतला. “माझ्यासाठी आणलेला. कितीला पडला?” आबा लाजले. मग दोघे मिळून शाळेच्या दारातल्या क्रुसापाशी गेले आणि हार तिथे घातला.

मंगळवारी रात्री मला पुन्हा तो मोबाइल उघडावा लागला. त्या दुपारी पहलगामला २६ माणसे मारली होती. सिस्टरांनी सांगितले, उद्याची प्रार्थना दोन्हींसाठी. मी लिहिले. या वेळी कापले नाही. ६२ घरांना दोन दिवसांच्या पॅकमध्ये, अर्धे रात्री बाराच्या आधी, अर्धे बारानंतर, असे दोन-दोन मेसेज बसवले. यायची सक्ती नाही, हेही लिहिले. पाठवण्याआधी आबांना फोन लावला आणि म्हटले, मी वाचते, तुम्ही काय कळले ते सांगा. त्यांनी सगळे बरोबर सांगितले. पोप म्हणजे रोमचे. काश्मीरची माणसे. सकाळी आठ.

मग म्हणाले, “पण बाई, आपले फादर कसे आहेत ते नाही घातले तुम्ही.”

दुसऱ्या मेसेजच्या शेवटी थोडी जागा उरत होती. मी बोटांवर मोजले. ‘फादर बरे आहेत’. तेरा.