दीडपट पडदा आणि हिंगणघाटचा अनुस्वार

कापूस वेचणीच्या दिवसांत शेजारचे काकाजी अर्ज भरून घ्यायला आले आणि माझ्या नव्या लॅपटॉपकडे पाहून म्हणाले, "काय बाप्पा, मुंग्या दिसून राह्यल्या या!" पडदा चौदा इंची आणि त्यावर २५६० गुणिले १६०० पिक्सेल, म्हणजे इंचाला सुमारे २१६, शेजारच्या जुन्या साडेअठरा इंची मॉनिटरवर हेच प्रमाण जेमतेम ८५ आहे.

एवढ्या दाटीत अक्षरे बारीक दिसतात, म्हणून ती मोठी करावी लागतात. लिनक्स या संगणक-प्रणालीवर सगळे दुप्पट करणे सोपे आहे, कारण एका पिक्सेलच्या जागी चार नेमके बसतात. परंतु २०० टक्क्यांवर माझ्याकडे १२८० गुणिले ८०० एवढीच जागा उरते आणि अर्जाचा तक्ता पडद्याबाहेर जातो. म्हणून १५० टक्के हवे, आणि खरी गोची तिथेच आहे. पूर्वी वेलँडवर, म्हणजे लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, प्रोग्राम दुप्पट आकारात चित्र काढी आणि मग ते आवळून दीडपटीवर आणले जाई. त्यात अक्षरांच्या कडा पुसट होतात. रोमन लिपीत ते एकवेळ खपते; आमच्या तालुक्याचे नाव ‘हिंगणघाट’ लिहिले, की अनुस्वार वेलांटीला चिकटून नुसता डाग दिसतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वेलँडसाठी दीडपटीसारख्या अपूर्णांकी प्रमाणाचा प्रोटोकॉल, म्हणजे प्रोग्रामला प्रमाण कळवण्याची ठरलेली पद्धत, आला. त्यात १२० म्हणजे एकपट या हिशेबाने प्रमाण कळवले जाते, दीडपट म्हणजे १८०, आणि प्रोग्राम थेट त्याच मापाने अक्षरे काढतो. केडीई या गटाने फेब्रुवारी २०२३च्या आपल्या प्लाझ्मा ५.२७ या डेस्कटॉपमध्ये तो स्वीकारला. शिवाय वेलँडवर प्रत्येक मॉनिटरला वेगळे प्रमाण देता येते, त्यामुळे जुना मॉनिटर १०० टक्क्यांवरच राहिला.

तरीही माझा जुना टायपिंगचा प्रोग्राम धूसरच होता, कारण तो वेलँडआधीच्या एक्स११ या व्यवस्थेच्या काळातला. जुने प्रोग्राम वेलँडवर चालवून देणाऱ्या एक्सवेलँडमधून चालणाऱ्या अशा प्रोग्रामचे लहान चित्र नुसते ताणले जाते. प्लाझ्माच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मोठे करण्याचे हे काम त्या प्रोग्रामवरच सोपवण्याचा पर्याय आहे. तो निवडून प्रोग्राम पुन्हा उघडला, तेव्हा अनुस्वार वेलांटीपासून सुटा झाला. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने अशी सोय सप्टेंबर २०२४च्या ४७व्या आवृत्तीत दिली, तीही प्रायोगिक म्हणून, आणि हा उशीर मला खटकतो.

काकाजींनी मग चष्मा न लावता अर्ज वाचला आणि त्यांच्या आडनावातली माझ्या हातून ऱ्हस्व झालेली वेलांटी दाखवून दिली.