आठ दिवसांची मुदत

मे महिन्यात वसईला जाऊ नये, असं घरी सगळ्यांनी बजावलं होतं. पण पोर्तुगीजांनी किल्ला मराठ्यांच्या हवाली केला तो 1739 च्या मे महिन्यातच. तेव्हा घामाचा अंदाज घ्यायचा तर हाच मुहूर्त, असं म्हणून मी निघालो.

किल्लाबंदरची रिक्षा किल्ल्याच्या पोटातूनच जाते. मध्येच उतरलो. मला पहिल्यापासून लढाईच्या जागेपेक्षा सहीच्या जागेचं वेड. तोफा कुठे होत्या ते कुणीही हौसेने दाखवतं. पण हरलेला माणूस कुठे टेकला, त्याला कुणी पाणी विचारलं का, याची चौकशी केली की लोक आपल्याकडे संशयाने बघतात.

इथे तर टेकायला सावलीही नाही. चर्चच्या भिंती ताठ उभ्या, वर छप्पर नाही. भिंतींतून पिंपळ फुटलेले. गिलाव्यावर खिळ्याने कोरलेले बदाम. एका चर्चमध्ये, जिथे वेदी असेल तिथेच, पोरांनी विटा रचून स्टंप केले होते. पायाखालच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरांची थडगी. पलीकडे लग्नाआधीचं फोटोशूट चाललेलं. नवरीचा लालभडक गाऊन इतका लांब, की एक पोरगा तो हवेत उडवून फोटोबाहेर पळायचा. गाऊन खाली यायच्या आत फोटो. तिच्या पायात रबरी स्लिपर. ‘पुन्हा एकदा,’ फोटोग्राफर ओरडला. पोरगा पुन्हा पळाला.

आमचं बालपण नाशिकचं. गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाच्या भिंतीवरची प्रचंड घंटा दाखवून आजोबा म्हणायचे, ‘ही वसईची.’ मला वाटायचं, वसईला घंटांचा कारखाना असणार. ती चिमाजी अप्पांच्या स्वारीतली लूट, चर्चमधून उतरवलेली, हे पुढे कधीतरी कळलं. भीमाशंकरला तशीच एक, मेणवलीला आणखी एक. पूर आला की सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायचं. मी घंटेकडे बघत बसायचो.

वसईला ती कुठल्या मनोऱ्यात असेल ते शोधत मान दुखली. एका मनोऱ्यात गोल जिना आहे, अर्ध्यावर वटवाघळांचा वास येतो. तिथूनच परत फिरलो.

वेढा फेब्रुवारीत बसला, बुरुजांखाली सुरुंग उडाले, दोन्हीकडची माणसं खूप मेली. वरचे अधिकारी पडल्यावर कायतानो द सोझा परेरा याच्यावर सहीची पाळी आली. चिमाजी अप्पांनी अटी मात्र खानदानी घातल्या. शस्त्रं घेऊन, निशाण फडकवत, वाजतगाजत जा. राहील त्याला आपला धर्म पाळायची मोकळीक. आणि निघायला आठ दिवस.

आठ दिवस! 1534 पासून तिथे असलेल्या लोकांना. आमचं बिऱ्हाड हललं तेव्हा निव्वळ माळा उतरवायला आठवडा गेला होता, आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांवरून घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. पोर्तुगीज बायकांनी काय ठेवलं असेल, काय नेलं असेल? घंटा तर राहिल्याच. थडगीही.

चिमाजी अप्पांचं स्मारक किल्ल्यातच आहे, आणि ते हवंच. पण याच वसईत 31 डिसेंबर 1802 ला आणखी एक सही झाली. होळकरांकडून मार खाऊन पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची फौज आपल्या रक्षणाला ठेवून घेतली, तिच्या खर्चापोटी 26 लाखांचा मुलूख दिला. शाळेत ‘वसईचा तह’ म्हणून दोन मार्कांना पाठ केलेला, तो हाच. त्यात आठ दिवसांची मुदत नव्हती, कारण कुणी कुठे जायचंच नव्हतं. पेशव्याने आपल्याच वाड्यात परत जाऊन बसायचं होतं. बसला. 1817 पर्यंत.

बंदराकडच्या दरवाजाची खिळे मारलेली दारं अजून आहेत. ती हाताला चटका देण्याइतकी तापली होती. बाहेर कोळणी सुकट विकत बसल्या होत्या. एकीला म्हटलं, ‘पोर्तुगीज इथूनच गेले ना, मावशी?’

‘गेले असतील,’ ती म्हणाली. ‘आम्ही नाय गेलो. अर्धा किलो देऊ?’

घेतली. घरी वासावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.