गुलाबी रंग आलाच नाही

तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी चौदा वर्षं काढली. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या नमुन्यात क्लोरीन 20 टक्क्यांच्या आत भरला की पोती बदला म्हणून लिहायचं, आणि महिन्याभराने त्याच ओलसर खोलीत तीच उघडी पोती बघायची, हे मला पाठ होतं. त्यामुळे 2017 मध्ये बिनपगारी रजा घेऊन स्वयंसेवक म्हणून युगांडाला गेले तेव्हा पाण्याचं कोणी नव्याने शिकवील असं वाटलं नव्हतं.

कंपालातल्या वर्गात पाणी जवळजवळ नव्हतंच. वायरलेसवर कसं बोलायचं, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, कुणाच्या घरी गेलं की कसलंही आश्वासन द्यायचं नाही. मग उत्तरेला युंबे जिल्ह्यात, बिदीबिदीच्या निर्वासित वसाहतीत. दक्षिण सुदानमधून जीव वाचवून आलेली अडीच लाखांहून जास्त माणसं तिथे राहत होती. माणशी दिवसाला 15 लिटर हा किमान हिशोब. सहा जणांच्या घराला साडेचार कॅन. पिवळे, 20 लिटरचे. माणसांच्या आधी कॅनच रांगेत उभे असायचे.

पाणी टँकरने यायचं, टाकीत पडायचं, तिथे आम्ही क्लोरीन द्यायचो. इथे मात्र माझा हात चांगला चालला. त्यांची पावडर 65-70 टक्क्यांची, म्हणून एक टक्का द्रावणाला लिटरमागे 15 ग्रॅम पुरते. आपल्या टीसीएलची दुप्पट लागली असती. प्लास्टिकच्या 20 लिटरच्या चार बादल्या घ्यायच्या, लोखंडी नाही, कारण धातूच क्लोरीन खातो. त्यांत 1, दीड, 2 आणि अडीच मिली द्रावण घालायचं, ढवळायचं आणि अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास कोणी कापू नये. आपल्याकडे पावडर टाकल्या टाकल्या ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, करून रजिस्टरवर सही करणारे मी पाहिलेत. 2 मिलीच्या बादलीत क्लोरीन लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम शिल्लक निघाला. दहा हजार लिटरच्या टाकीला एक लिटर द्रावण, हे मी तोंडीच सांगितलं. नळावरही 0.5 आलं. मला समाधान वाटलं.

आमचे प्रशिक्षक केनियाचे, पाण्यात केस पांढरे झालेले गृहस्थ. ते म्हणाले, "नळ कोणी पीत नाही. घरात जा."

बारा घरं वाटून घेतली. माझ्या जोडीला युरोपातला एक तरुण इंजिनियर होता. त्याच्या नोंदी सुबक, पण तो कुठल्याच घरात खाली बसला नाही. दारातच नमुना घेऊन निघायचा. म्हणून पाचव्या घरात मी एकटीच बसले. मातीच्या भिंती, वर ताडपत्री. कोपऱ्यात झाकण हरवलेला कॅन, त्यावर पालथा पेला. पाणी आदल्या दिवशी दुपारचं. मी नळकांडीत नमुना घेतला, शिल्लक क्लोरीन दाखवणारी डीपीडीची गोळी टाकली, हलवलं. गुलाबी छटा यायला हवी होती. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

त्या बाईने दुभाषी मुलीमार्फत विचारलं, "चांगलं आहे ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तिने पेला भरून मांडीवरच्या लेकराला पाजला.

मला काय म्हणायला हवं होतं? वाईट आहे म्हणणंही खरं नव्हतं. शिल्लक क्लोरीन शून्य याचा अर्थ जंतू आहेत असा नव्हे. आत काही गेलं तर मारायला कोणी उरलेलं नाही, एवढाच. पण हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आणि मान हलवणं सोपं होतं.

संध्याकाळी प्रशिक्षकांनी 2013 ची मोजणी दाखवली, दक्षिण सुदानमधल्या मबानच्या छावण्यांची. घरात दहा तासांनी 0.2 उरायचं असेल तर नळावर 1 हवं, असा तिचा निष्कर्ष होता. उन्हात आणि उघड्या भांड्यात क्लोरीन उडतो, हे मी नोकरीच्या परीक्षेत लिहून आले होते. तरी गावी मी नमुना घेतला तो टाकीचा आणि नळाचा. मांडणीवरच्या हंड्याचा, रात्रभर राहिलेल्या पाण्याचा, चौदा वर्षांत एकदाही नाही. त्या नोंदींवर माझ्या सह्या आहेत.

त्या घरातून निघाल्यावर वाटेत दुभाषी मुलीने विचारलं होतं, "मॅडम, रंग तर आला नव्हता ना?" तिच्याही घरी त्याच नळाचं पाणी जायचं. मी तिला सगळं सांगितलं: सकाळचं पाणी प्यायला ठेवा, कॅन झाका, कालचं धुण्याला वापरा. ती थांबली, वळली आणि परत त्या घरी गेली. मी पायवाटेवर उभी राहिले. ती दारात बराच वेळ बोलत होती. बाईने मध्येच माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन कॅन बाहेर आणला.